डाव्या तोंडाची कणीक

आमच्या भागात 'डॉल्बी' हा शब्द मूल शाळेत जाण्याआधीच त्याच्या कानावर पडतो. गणपतीची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की निवडणुकीचा गुलाल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर काळ्या पेट्यांची भिंत रचली की तिला आम्ही डॉल्बी म्हणतो. छातीत धडधड झाली, कौलांवरची धूळ खाली आली, की डॉल्बी चांगला. कॉलेजात आल्यावर मी या शब्दाचे मूळ शोधले, तेव्हा माझे मलाच हसू आले. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली आणि त्याचे नाव झाले ते आवाज वाढवल्यामुळे नव्हे, तर ध्वनिफितीमागे येणारी नकोशी खरखर कमी केल्यामुळे. गोंगाट कमी करून ज्याने नाव मिळवले, त्याचेच नाव आम्ही गोंगाटाला दिले!

हे शहाणपण आजचे आहे. गेल्या मे महिन्यापर्यंत मीही त्याच पंथातला होतो. त्या पंथातून बाहेर कसा पडलो, त्याचीच ही हकिकत.

आमच्या घरी एक मारुती ओमनी आहे. २००९ सालची. आबांनी ती जुनी म्हणूनच घेतली आणि आता ती आमच्याकडे आणखी जुनी झाली आहे. २०२४ साली तिला पंधरा वर्षे भरली, तेव्हा आर.टी.ओ.त दोन खेपा घालून आबांनी तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून आणली. आजी म्हणाली, "गाडीला वाढवून मिळतंय, माणसाला कुठं मिळतंय!" ही ओमनी पहाटे वाडीतल्या चार घरांचे दूध डेअरीवर नेते, आठवड्याच्या बाजाराला मिरची नेते आणि महिन्यातून एकदा आजीला कोल्हापूरला डॉक्टरकडे नेते. आजीचा उजवा गुडघा वाकत नाही. म्हणून मागे दुधाच्या किटल्यांच्या जागी गोधडी अंथरायची आणि आजीने पाय लांब करून बसायचे, अशी रीत आहे.

ज्यांनी या गाडीतून प्रवास केला आहे त्यांना ठाऊक असेल की हिचे इंजीन पुढे नाकात नसते, पुढच्या सीटखाली असते. त्यामुळे गाणे लावा अगर लावू नका, इंजिनाची मैफल चालूच असते. आबांना ती मैफल प्रिय. कुठल्या घाटात कुठला सूर लागतो, हे त्यांना पाठ आहे. "आज तिसऱ्या सिलिंडरचं काय तरी बिनसलंय," असे ते घाट चढता चढता म्हणतात आणि संध्याकाळी प्लग काढून पाहावा तर तो खरोखरच काळा झालेला असतो.

गाण्यांची सोय मात्र आधीच्या मालकाने करून ठेवलेली होती. डॅशबोर्डमध्ये पेनड्राइव्हवर चालणारा एक टेप आणि मागच्या काचेखाली फळीत बसवलेले सहा बाय नऊ इंचांचे दोन लांबट स्पीकर. त्यांतून गाणे निघे ते पातळ ताकासारखे. शब्द कळत, चाल कळे, पण खाली काही टेकू नसे. पंडित भीमसेन जोशींचा अभंग लावला तरी तो टेलिफोनवरून ऐकतो आहोत असे वाटे.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेनंतर कॉलेजातले चार मित्र घेऊन मी वाडी रत्नागिरीला गेलो. गाडी मीच चालवत होतो. मोठ्या ऐटीत टेप लावला. अर्धा घाट चढलो असू नसू, तोच मागून एकाने विचारले, "टेप लावलायस का डब्यात खडे घातलायस?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मनातून गेले नाही. 'आमची गाडी आहे' हे मी पहिल्या वर्षापासून या मित्रांना सांगत आलो होतो. आता गाडीने माझी अब्रू घालवली असे मला वाटले आणि त्या रात्रीच मी ठरवले की हिच्यात असा बेस बसवायचा, की यांची तोंडे बंद झाली पाहिजेत.

सुट्टीत मी कोल्हापुरातल्या एका कार डेकोरच्या दुकानात कामाला राहिलो. सीट कव्हर चढवणे, काचांना जाळ्या बसवणे ही कामे करता करता माझे लक्ष स्पीकरच्या कोपऱ्याकडे असे. तिथे जे शिकलो ते सांगायला हवे, कारण त्यातले निम्मे मी शिकूनही वापरले नाही.

पहिला धडा वॉटचा. खोक्यावर हजार वॉट छापलेले असतात. तो आकडा स्पीकर क्षणभर कसाबसा काय सोसेल याचा, आणि पुष्कळदा तोही नाही. सतत, न थकता किती शक्ती पेलेल तो आकडा वेगळा. त्याला आर.एम.एस. म्हणतात आणि तो बारीक अक्षरांत छापतात. टेपवर 'पन्नास वॉट गुणिले चार' असे लिहिलेले असते. पण मागचा फ्यूज बघावा तर दहा अँपिअरचा! गाडी सुरू असताना विजेचा दाब सुमारे चौदा व्होल्ट. चौदा दाहे एकशे चाळीस. एकशे चाळीस वॉट आत जातात तिथून दोनशे बाहेर कसे यावेत? दुकानातले मिस्त्री म्हणायचे, "लेबल वाचू नकोस, फ्यूज वाच."

दुसरा धडा असा की आवाज दुप्पट वाटायला शक्ती दुप्पट करून भागत नाही, ती दहापट लागते. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागची हवा ओढतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटले तर खालचे सूर तिथल्या तिथे मरतात. म्हणून पेटी लागते, नाहीतर निदान फट नसलेली पक्की फळी. बेस स्पीकरमध्ये असतो त्याहून जास्त त्याच्या बसवण्यात असतो.

एवढे ऐकूनही माझ्या डोक्यात बारा इंची वूफरच होता. वूफरला आमच्याकडे लहानथोर सगळे 'बफर'च म्हणतात. जुना बफर पेटीसकट आणि वर एक अॅम्प्लिफायर, असे दोन्ही ५,५०० रुपयांना मिळाले. महिन्याच्या पगारातले हे पैसे पुढच्या वर्षाच्या फीला जोडायचे असे आबांना सांगून ठेवले होते. ते त्यांच्या लक्षात असेल याची मला खात्री होती. म्हणूनच ते रानात गेले असताना मी सगळे बसवून टाकले.

अॅम्प्लिफायरला विजेच्या तीन तारा लागतात. एक जाड, बॅटरीकडून येणारी, जिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज हवा. दुसरी गाडीच्या पत्र्याला जोडायची. तिसरी बारीक. ती टेपकडून येते; टेप सुरू झाला की अॅम्प्लिफायरला उठवते आणि बंद झाला की झोपवते. फ्यूज मी घातला. पण आमच्या टेपमागची ती बारीक तार मुळाशीच तुटलेली होती. टेप खोलायचा कंटाळा. मी ती बारीक तार सरळ बॅटरीच्या तारेला जोडून दिली. अॅम्प्लिफायर उठला. तो आता कधीच झोपणार नव्हता, हे कळत असूनही मी 'उद्या बघू' म्हटले.

त्या संध्याकाळी अंगणात गाडी बंद ठेवून तासभर गाणी वाजवली. वाडीतली पोरे जमली. गोठ्यातल्या म्हशीने दोनदा दावे ओढले. नंबर प्लेट थडथड वाजू लागली, मागच्या दाराचा पत्रा गुणगुणू लागला. आजी उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "पोटात कालवाय लागलंय रं. बंद कर." आबा रानातून आले, गाडीजवळ थांबले, मागे डोकावले. जिथे किटल्या आणि आजीची गोधडी, तिथे आता काळी पेटी होती. ते एवढेच म्हणाले, "दूध कुठं ठेवायचं?" आणि आत गेले.

पहाटे पाचला किल्ली फिरवली तर नुसती 'टक्' वाजली. जुनी बॅटरी रात्रीत रिकामी झाली होती. आम्ही दोघांनी गाडी ढकलली. पण आमच्या घरापासून रस्त्याला चढ आहे. शेजारचा ट्रॅक्टर रानात गेलेला. गाडी सुरू होऊन डेअरीवर पोहोचेपर्यंत संकलन संपून टेम्पो निघून गेला होता. मे महिन्याचे ऊन, चाळीस लिटर म्हशीचे दूध, त्यातले निम्म्याहून जास्त शेजाऱ्यांचे. थोडे घरोघर वाटले, थोडे चुलीवर आटवले, पण बरेचसे नासले. आबांनी शेजाऱ्यांच्या दुधाचे २,२०० रुपये संध्याकाळीच दारोदार जाऊन दिले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उतरवली. ज्याच्याकडून घेतली त्यानेच ती ४,००० रुपयांना परत घेतली. पैसे आबांच्या हातात ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत, फळीवर ठेवून दिले. जून उलटला तरी आमच्यात कामापुरतेच बोलणे होते. 'किटल्या घे.' 'घेतल्या.' गाडीत टेप लागत नव्हता. मनात मी त्यांच्यावरच चिडलेलो होतो. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला बेस म्हणजे काय ते कळणार कसे, असेही एकदा मनात आले. ते आज इथे लिहिताना हात अडखळतो. पण आले होते हे खरे.

आषाढी एकादशीला आमच्या विठ्ठल मंदिरात रात्री भजन असते. आबा तिथे पखवाज वाजवतात, माझ्या जन्माच्या आधीपासून वाजवतात. त्या संध्याकाळी आई देवळात स्वैपाकाला गेली होती. आबांनी हाक मारली, "जरा कणीक मळून आण. पातळ नको, घट्ट नको."

ज्यांनी पखवाज जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई कायमची असते. डावे तोंड मात्र मोकळे असते आणि वाजवण्याआधी त्याच्या मध्यावर ओल्या कणकेचा गोळा थापतात. भजन संपले की ती कणीक खरवडून काढतात, कारण ती वाळते. म्हणजे दर वेळी नवी कणीक, दर वेळी नवा अंदाज. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो आणि कधी पाहिलेच नव्हते.

आबांनी आधी कोरड्या तोंडावर थाप मारली. 'टण' असा उथळ आवाज आला. मग थोडी कणीक लावली, थाप मारली. आवाज एक पायरी खाली उतरला. आणखी लावली, तो आणखी उतरला. मग मुद्दाम भरपूर लावली आणि थाप मारली तर नुसते 'भद्'. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "लई झाली की आवाज मरतोय. कमी झाली की उघडा पडतोय. खालचा आवाज मोठा नसतोय रं. तो असला पायजे, पण दिसता कामा नये. गाणाऱ्याला बसाय जागा दिली की झालं त्याचं काम."

मी बघत राहिलो. हेच तर दुकानात शिकलो होतो! पडद्याला वजन दिले की तो सावकाश हलतो आणि सूर खाली येतो; पण वजन वाढले की तो हलवायला जोर जास्त लागतो आणि आवाज दबतो. मी घाईघाईने आबांना स्पीकरचा पडदा, मॅग्नेट, कॉईल सगळे सांगू लागलो. महिन्याभरात एवढे मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपल्या गाडीतल्या स्पीकरांना झालंय काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गाडीत बसलो. अभंग लावला. आबांनी टेपचे बटण फिरवून आवाज नुसत्या डाव्या स्पीकरवर आणायला सांगितला. मग नुसत्या उजव्यावर. मग दोन्ही. कपाळाला आठी घालून ते म्हणाले, "एकटा वाजतोय तवा मृदंग ऐकू येतोय. दोघं मिळून वाजाय लागलं की मृदंग जातोय. असं कसं?"

मी गप्पच झालो. कारण त्याचे उत्तर मला येत होते आणि मी ते कधी तपासले नव्हते. टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल आणला. सेलचा अधिक टोकाचा खांब स्पीकरच्या अधिक खुणेच्या टोकाला लागेल अशा बेताने, स्पीकरच्या तारा क्षणभर सेलला टेकवल्या की पडदा बाहेर उचलला पाहिजे. टेपमागून दोन्ही स्पीकरांच्या तारा काढल्या, रंग बघून सेलला टेकवल्या. एक पडदा बाहेर आला. दुसरा आत गेला. आधीच्या मालकाच्या मिस्त्रीने एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या होत्या. एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. दोघेही आपापल्या परीने राबत होते आणि दोघांची मेहनत एकमेकांना खात होती.

उंच सूर तेवढे वाचत होते. असे का, ते पुढे कॉलेज सुरू झाल्यावर भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले. ते म्हणाले, सेकंदाला पन्नास कंपनांच्या सुराची लाट सुमारे सात मीटर लांब असते. तुमची गाडी साडेतीन मीटरचीही नाही. एवढ्या लाटेपुढे तुमचे दोन स्पीकर एकाच जागी असल्यासारखे. ते उलट चालले तर लाट जागेवरच पुसली जाते. उंच सुराची लाट बोटभर असते, ती अशी पुरती पुसली जात नाही.

त्या दिवशी मी दोन तारांची अदलाबदल केली. खर्च शून्य रुपये. टेप लावला आणि मृदंग वर आला. आजपर्यंत तो फळीखाली कुणीतरी दाबून धरला होता आणि आत्ता सोडला, असे वाटले.

त्यानंतरचे काम दोघांनी मिळून केले. स्पीकरांच्या कडा झिजून फाटल्या होत्या, म्हणून सहा बाय नऊचीच नवी जोडी २,३०० रुपयांना आणली. फळी पातळ होती, तिच्या जागी पाऊण इंची प्लायवूड आबांनी स्वतः कापून बसवले आणि कडेच्या फटीत फोमची पट्टी ठासली. मागच्या दाराच्या पत्र्याला आतून डांबरी चादरीचे तुकडे चिकटवले. पत्र्याची गुणगुण थांबली. टेपवरचे 'बेस बूस्ट'चे बटण बंद केले. सगळे मिळून ३,१०० रुपये. किटल्यांची जागा जशीच्या तशी, आजीची गोधडीही. ते पैसे आबांनी फळीवरच्या त्याच चार हजारांतून काढून दिले. देताना म्हणाले, "ह्ये फीचं हाईत. दिवाळीत कामाला जाऊन भरून काढायचं." मी काढले.

आवाज किती ठेवायचा हेही आबांनीच ठरवले. इंजीन सुरू करून, गाडी घाटात घालून, ते बटण थोडे थोडे फिरवत गेले आणि एका जागी थांबले. "बास. हितं गाणं बी ऐकू येतंय, गाडी बी." घाटात दोन्ही कळले पाहिजेत, हा त्यांचा नियम. आपल्या कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपकाला बंदी घातली आहे आणि वस्तीत दिवसाच्या आवाजाची मर्यादा पंचावन्न डेसिबल ठरवली आहे. तो २००० सालचा नियम मी वाचून पाठ केला आहे. आबांनी तो वाचलेला नाही. त्यांचा नियम त्याहून साधा आहे.

गेल्या महिन्यात आजीला घेऊन कोल्हापूरला गेलो. ती मागे पाय लांब करून बसली होती. आबा गाडी चालवत होते, मी शेजारी. अभंग लागला. आजीला हल्ली कमी ऐकू येते. थोड्या वेळाने तिने पुढे वाकून विचारले, "मृदंग कोण वाजवतंय?" आबा काही बोलले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताची बोटे स्टिअरिंगवर ठेका धरून हलत होती.

मित्रांना अजून गाडीत बसवलेले नाही. बसवीन तेव्हा ते कदाचित विचारतील, "बफर कुठाय?" त्यांना काय सांगावे याचा मी विचार करतो आहे. एकाच फळीवर बसलेली दोन माणसे महिनाभर उलट्या तारांनी वाजत होती, हे मित्रांना घाटात गाडी चालवता चालवता सांगता येत नाही. म्हणून इथे लिहून ठेवले.